बंद होत आहे

एउलोहिया मान्सियाच्या घरचा संगणक
गेल्या ऑगस्टपासून बंद होत आहे.
म्हणजे तसं लिहून येतं पडद्यावर,
निळ्यावर पांढरं, सुवाच्य: बंद होत आहे.
मग तेच. रात्रभर.
'येतो हं, येतो' म्हणत चपला घालून
दारातच तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं.

"मग मी उपटते," ती म्हणते.
प्लग. बटाट्याचं रोप उपटावं तसा, मुळासकट.
सकाळी यंत्र घुश्शात उठतं,
स्वतःचीच हाडं मोजत बसतं: एक टक्का, दोन टक्के,
तोवर किटली उकळून निवते.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
पण आमच्या कास्त्रोत ज्याच्याकडे पान्हे
त्याला सगळंच येतं, असा समज आहे.
तो मोडायला मला कधी जमलं नाही.

घर खांबांवर, खांब खाडीत.
मी बसलो तेव्हा फळ्यांच्या फटींतून चिखल दिसत होता,
उताणी पडलेली एक होडी, आणि बगळा.

आधी प्रिंटरची वायर काढली. बंद होत आहे.
पंख्यातून मांजराचे केस काढले, एक अख्खं मांजर होईल एवढे.
बंद होत आहे.
मग इंजिनाचं करतो तेच केलं:
सुरू होताना अकरा प्रोग्रॅम जागे होतात,
त्यांतले सहा झोपवले. बंद होत आहे.
म्हणजे चोर उरलेल्या पाचांत.
तीन झोपवले. मग एक.
दर खेपेला दहा मिनिटं, दर खेपेला
एउलोहिया विणकामाची एक ओळ उसवून पुन्हा घालते,
आणि फटींत आता चिखल नाही, पाणी आहे.
होडी सरळ झालीय.

सापडला. नाव 'मरेआ', म्हणजे भरती-ओहोटी.
बंदर कचेरीने बसवून दिलेला, ती शाळेत शिकवत होती तेव्हा.
रोज सकाळी खांबावरची खूण वाचायची,
आकडा लिहायचा,
बाकी फोन लावणं वगैरे तो बघून घेई.

न गेलेले निरोप: चार हजार एकशे अठरा.

मला कोडं सुटलं, आणि सांगताना मी जरा
फुशारलोच: कचेरीचा नंबर बंद पडला तरी
तुमची तार होती. तो फोन लावी, नकार ऐके,
गप्प बसे. ऑगस्टात तुम्ही मोबाइल घेतला,
कंपनीने तार काढून नेली.
आता त्याला नकारही ऐकू येत नाही.
म्हणून कानाला रिसीव्हर लावून तो उभाच.

ती विणत राहिली.
"कचेरी गेली ते ठाऊक आहे मला.
तिथे बेकरी आहे. मी पाव तिथूनच आणते."

"मग हे आकडे?"

"तू त्या बाजूला सरक, उजेड अडवतोयस."

खिडकीतून तिने खांब पाहिला.
"चार मीटर दहा," म्हणाली,
"लिही, बसलाच आहेस तर."
मी लिहिलं. चार हजार एकशे एकोणीस.
मग सेटिंगमधली एक चौकट रिकामी केली:
जाताना फोन लावू नये.
आकडे राहू दिले. ते काढायला
मला कोणी सांगितलं नव्हतं.

बंद होत आहे, असं आलं,
आणि खट्‌ करून झालासुद्धा.
पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. पडदा काळा,
त्यात आम्ही दोघं, मागे चूल, चुलीवर वाळणारे मोजे.

एउलोहिया सुया मांडीवर ठेवून बघत राहिली.
"एवढ्यात?" ती म्हणाली.

मग वाकून, भिंतीला एक हात टेकत,
तिने प्लग उपटला.

मजुरीत मला अर्धी पिशवी निळे बटाटे मिळाले,
आणि मांजराच्या केसांबद्दल कोणाजवळ बोलू नकोस
अशी ताकीद.